घरच्या नेटवर्कवर विंडोज, मॅक आणि लिनक्सला एकमेकांची नावे कळत नाहीत, तेव्हा

प्रश्न थोडक्यात असा: घरात विंडोज ११ चा लॅपटॉप, एक मॅकबुक आणि उबुंटू टाकलेला जुना पीसी आहे. पीसीवर फोटो आणि बॅकअप सांबावरून (लिनक्सवरचे फोल्डर इतर संगणकांना उघडून देणारा प्रोग्रॅम) शेअर केले आहेत, त्याचे नाव ‘साठा’. विंडोजवर १९२.१६८.१.२० टाकले की फोल्डर उघडतो, ‘साठा’ टाकले की कधी उघडतो, कधी नाही. मॅकवर ‘साठा.लोकल’ चालते, नुसते ‘साठा’ चालत नाही. उबुंटूवरून विंडोजच्या लॅपटॉपला पिंग केले, म्हणजे ‘आहेस का?’ असे विचारले, तर काहीच हाती लागत नाही. राउटर बंद-चालू झाला की पत्ते बदलतात, त्यामुळे पत्ता पाठ करूनही भागत नाही.

आधी माझे मत सांगतो, कारणे नंतर. घरातल्या नावांचा हिशेब एकाच ठिकाणी ठेवा, आणि ते ठिकाण म्हणजे राउटर. तिन्ही यंत्रांवर वेगवेगळ्या सेवा चालू-बंद करत बसलात तर आज जमेल आणि पुढच्या अपडेटनंतर पुन्हा बिघडेल. ‘.लोकल’वाली सोय जोडीला राहू द्या, ती चांगलीच आहे. पण घराचा भार तिच्यावर टाकू नका.

आता हे असे का होते ते बघू. वर्गात ‘अमुक कोण आहे रे?’ असे मोठ्याने विचारणे वेगळे आणि हजेरीपुस्तक उघडून नाव बघणे वेगळे. संगणकही नाव याच दोन प्रकारांनी शोधतो. डीएनएस हे हजेरीपुस्तक. बाकीच्या सगळ्या पद्धती म्हणजे नेटवर्कवर हाक मारणे. तुमच्याकडची अडचण एवढीच आहे की पुस्तकात घरातली नावे कुणी लिहिलेलीच नाहीत, म्हणून प्रत्येक यंत्र हाक मारते, आणि तिघांची हाक मारण्याची भाषा सारखी नाही.

सगळ्यात जुनी भाषा नेटबायोसची. इंटरनेटच्या टीसीपी-आयपी पद्धतीवर ती कशी चालवायची याचे नियम १९८७ साली आरएफसी (इंटरनेटच्या नियमांची क्रमांक दिलेली कागदपत्रे) १००१ आणि १००२ मध्ये आले. यूडीपी पोर्ट १३७ वर (पोर्ट म्हणजे यंत्राचे क्रमांक दिलेले दार) ब्रॉडकास्ट, म्हणजे सगळ्यांना उद्देशून हाक, जातो आणि ज्याचे नाव असेल तो उत्तर देतो. नावाला जागा सोळा बाइटची, पण सोळावा बाइट सेवेचा प्रकार सांगण्यासाठी राखीव, म्हणून नावाला उरतात पंधरा अक्षरे. विंडोजवर लांबलचक नाव दिले तर नेटबायोससाठी त्याची शेपटी कापली जाते. उबुंटूवर सांबाबरोबर येणारा एनएमबीडी हीच भाषा बोलतो, म्हणून तुमच्या विंडोजला ‘साठा’ अधूनमधून सापडतो. ही पद्धत फक्त आयपीव्ही४ वर, म्हणजे १९२.१६८.१.२० सारख्या पत्त्यांवर, चालते.

दुसरी भाषा एलएलएमएनआर. ती विंडोज व्हिस्टापासून आली आणि २००७ च्या आरएफसी ४७९५ मध्ये लिहिली गेली. पोर्ट ५३५५, मल्टिकास्ट (ऐकायला बसलेल्या गटालाच जाणारी हाक) पत्ता २२४.०.०.२५२. अ‍ॅपलने ती कधी उचललीच नाही. तिच्यात एक मोठी खोट आहे: हाकेला कुणीही ‘मीच तो’ म्हणू शकतो, आणि मग विंडोज भाबडेपणाने त्या भामट्याकडे लॉगिनचा हॅश (पासवर्डापासून बनवलेली खूण) पाठवते. ऑफिसच्या नेटवर्कवर ती सर्रास बंद केलेली असते ती याचमुळे. मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा ओढाही आता तिसऱ्या भाषेकडे आहे. घरात ही बंद केल्याने तुमचे काही अडणार नाही.

तिसरी भाषा एमडीएनएस. अ‍ॅपलने ती २००२ मध्ये मॅक ओएस एक्स १०.२ बरोबर रॉन्देव्हू या नावाने आणली, २००५ मध्ये तिचे नाव बाँजूर झाले, आणि २०१३ मध्ये आरएफसी ६७६२ म्हणून ती मानक झाली. पोर्ट ५३५३, मल्टिकास्ट पत्ता २२४.०.०.२५१, आणि नावाच्या शेवटी ‘.लोकल’. लिनक्सवर हे काम अवाही करतो. विंडोज १० च्या नंतरच्या आवृत्त्यांपासून विंडोजलाही ती कळते. आज तिघांना समजणारी हाकेची भाषा ही एकच आहे. म्हणून काही बदलण्याआधी विंडोजवर ‘साठा’ऐवजी ‘साठा.लोकल’ टाकून बघा. बऱ्याच घरांत तेवढ्यानेच काम होते.

मग तिथेच का थांबू नये? कारण वायफाय. ब्रॉडकास्ट आणि मल्टिकास्ट पॅकेटे वायफायवर पोचपावतीशिवाय जातात. एका यंत्रासाठी पाठवलेले पॅकेट हरवले तर अ‍ॅक्सेस पॉइंट (वायफाय पुरवणारा डबा) ते पुन्हा पाठवतो, मल्टिकास्टचे हरवले ते हरवले. फोन आणि लॅपटॉप वीज वाचवायला रेडिओ डुलकीला पाठवतात. काही राउटर आणि मेशचे डबे मल्टिकास्ट ‘नीट’ करण्याच्या नादात गिळूनच टाकतात. तुमचे ‘कधी उघडतो, कधी नाही’ बहुधा इथले आहे. शिवाय हाक एकाच नेटवर्कपुरती असते. पाहुण्यांसाठीच्या वायफायवर असलेला फोन किंवा मोडेमच्या मागे जोडलेल्या दुसऱ्या राउटरवरचा संगणक ती ऐकणारच नाही. घरात दोन राउटर असतील आणि दोघेही पत्ते वाटत असतील, तर आधी दुसऱ्याला अ‍ॅक्सेस पॉइंट मोडमध्ये टाका. ते केल्याशिवाय खालचे काहीही करू नका, नाहीतर चुकीच्या जागी दुरुस्ती करत राहाल.

पिंगबद्दल थोडे थांबून बोलायला हवे, कारण ‘काहीच हाती लागत नाही’ यात दोन अगदी वेगळ्या गोष्टी मिसळतात. पिंगची पहिली ओळ बघा. तिथे नावापुढे आयपी पत्ता छापला गेला आणि नंतर नुसती शांतता असेल, तर नाव सापडले आहे. समोरचे यंत्र पिंगला उत्तर देत नाही, एवढेच. विंडोजचा फायरवॉल पिंग अडवतो हे नेहमीचे आहे, विशेषतः नेटवर्क ‘पब्लिक’ म्हणून नोंदलेले असेल तेव्हा. पत्ता छापलाच नाही आणि नाव सापडले नाही अशी ओळ आली, तरच अडचण नावाची. विंडोजच्या लॅपटॉपवर सेटिंग्जमध्ये जाऊन घरच्या वायफायचे प्रोफाइल ‘प्रायव्हेट’ करा आणि फाइल व प्रिंटर शेअरिंग चालू करा. उबुंटूकडून नावाचा निकाल हवा असेल तर पिंगपेक्षा ‘गेटएंट होस्ट्स’ ही आज्ञा बरी. ती फक्त नाव शोधते आणि सापडलेला पत्ता दाखवते, फायरवॉलशी तिचा संबंध येत नाही.

असाच दुसरा घोटाळा एनएसलुकअपचा. ही आज्ञा थेट डीएनएस सर्व्हरला विचारते. होस्ट्स फाइल (यंत्रातलीच पत्ते-नावांची यादी) ती बघत नाही, एमडीएनएसची हाक मारत नाही, नेटबायोस तर नाहीच. त्यामुळे ‘पिंगला नाव सापडते, एनएसलुकअपला नाही’ यात बिघाड काहीच नाही. ते नाव हजेरीपुस्तकात नाही, हाकेला मात्र ओ देते, असा त्याचा सरळ अर्थ. खालची मांडणी झाली की ही आज्ञा खूप उपयोगाची आहे, कारण राउटरने नाव खरोखर नोंदवले का ते तीच सांगते.

आता प्रत्यक्ष काम. राउटरच्या पानावर जा आणि डीएचसीपीच्या (यंत्रांना पत्ते वाटणाऱ्या सेवेच्या) भागात पत्ता राखून ठेवण्याची सोय शोधा. ‘अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन’, ‘स्टॅटिक लीज’ अशी नावे दिसतील. प्रत्येक यंत्राचा हार्डवेअर पत्ता घ्या, म्हणजे सहा जोड्यांचा तो मॅक अ‍ॅड्रेस, आणि त्याला एक आयपी आणि एक नाव बांधून टाका. लॅपटॉपला वायफायचा एक आणि केबलचा दुसरा असे दोन हार्डवेअर पत्ते असतात हे विसरू नका. ‘साठा’ केबलवरच राहू द्या. यंत्रावर जाऊन स्थिर आयपी हाताने भरण्याच्या मी विरोधात आहे: सहा महिन्यांनी राउटर बदलला, पत्त्यांची रांग वेगळी आली, की कोणत्या यंत्रात काय भरले होते ते कुणालाच आठवत नाही.

मग डोमेनचे नाव ठरवा. इथे ‘लोकल’ हा शब्द टाकू नका. ते नाव एमडीएनएससाठी राखीव आहे. राउटरच्या डीएनएसमध्येही तेच ठेवले तर मॅक आणि लिनक्स ‘.लोकल’ दिसताच डीएनएसला न विचारता थेट हाक मारायला लागतात, आणि राउटरला माहीत असलेले नावही त्यांना सापडत नाही. घरच्या नेटवर्कसाठी ‘होम.आर्पा’ हे नाव २०१८ च्या आरएफसी ८३७५ ने खास बाजूला काढून ठेवले आहे, तेच घ्या. ओपनडब्ल्यूआरटी ही प्रणाली असलेल्या राउटरवर मुळात ‘लॅन’ असते. तेही व्यवहारात चालते, चालू असेल तर मोडू नका. स्वतःच्या मनाने एखादे छानसे डोमेन मात्र शोधून काढू नका. बाहेरच्या जगात ते उद्या खरे निघाले तर घरातले प्रश्न तिकडे जायला लागतील.

या एका सेटिंगची खरी गंमत अशी की डीएचसीपी पत्त्याबरोबर डोमेनही कळवतो. तो विंडोज, मॅक आणि उबुंटू तिघेही घेतात आणि एकशब्दी नावाला स्वतःहून जोडतात. तुम्ही ‘साठा’ लिहिता, यंत्र ‘साठा.होम.आर्पा’ असे विचारते, राउटर पत्ता देतो. मॅकवर नुसते ‘साठा’ आज चालत नाही ते ही जोड नसल्यामुळे. उबुंटूत नावे शोधणारा सिस्टमडी-रिझॉल्व्हड तर एकशब्दी नाव डीएनएसकडे तसेच्या तसे पाठवतच नाही, त्याला मागे लावायला डोमेन लागतेच. फोनवर मात्र पूर्ण नाव लिहायची सवय ठेवा.

सेटिंग झाले की तिन्ही यंत्रांचे वायफाय किंवा केबल एकदा काढून पुन्हा जोडा, म्हणजे नवे डोमेन मिळेल. जुनी उत्तरेही पुसा: विंडोजवर ‘आयपीकॉन्फिग’ला फ्लशडीएनएसचा पर्याय देऊन, उबुंटूवर ‘रिझॉल्व्हसीटीएल फ्लश-कॅशेस’ने. ‘हे नाव नाही’ हे उत्तरसुद्धा संगणक काही काळ लक्षात ठेवतो, त्यामुळे दुरुस्ती झाल्यावरही पाच-दहा मिनिटे जुनाच निकाल दिसू शकतो. या टप्प्यावर घाबरून सगळे उलटे फिरवणारे लोक मी खूप पाहिले आहेत.

इथून पुढे जे अडते ते बहुतेक वेळा एकाच प्रकारचे असते: यंत्र राउटरला विचारतच नाही. याच्या चार वाटा मला नेहमी भेटतात.

पहिली, आणि सगळ्यात जास्त, दुसऱ्या क्रमांकाच्या डीएनएसची. पहिल्या खान्यात राउटर आणि दुसऱ्यात ‘असू दे, आधाराला’ म्हणून ८.८.८.८ (गूगलचा सार्वजनिक डीएनएस) भरलेले असते. लोकांना वाटते की पहिल्याला नाव माहीत नसेल तर दुसऱ्याला विचारले जाते. तसे होत नाही. दुसरा सर्व्हर पहिल्याकडून उत्तरच आले नाही तर वापरायचा असतो, आणि काही प्रणाली दोघांना हवे तसे आलटून-पालटून विचारतात. बाहेरच्या सर्व्हरने ‘असे नाव नाही’ म्हटले की तो निकाल अंतिम. राउटर एखाद्या क्षणी उत्तराला रेंगाळला, यंत्र दुसऱ्याकडे सरकले, की ‘साठा’ गायब. थोड्या वेळाने आपोआप परत. घरातल्या यंत्रांना डीएनएस म्हणून फक्त राउटर द्या. ८.८.८.८ ची जागा राउटरच्या आत, बाहेरच्या जोडणीच्या सेटिंगमध्ये आहे.

दुसरी वाट आयपीव्ही६ ची (लांब पत्त्यांची नवी पद्धत), आणि ही लपलेली असते. आयपीव्ही४ कडून राउटरचा डीएनएस मिळतो, पण आयपीव्ही६ च्या जाहिरातीतून इंटरनेट कंपनीचा डीएनएस थेट यंत्रापर्यंत पोचतो. विंडोजवर ‘आयपीकॉन्फिग ऑल’ करून डीएनएस सर्व्हरच्या ओळी वाचा. तिथे कोलनवाला लांबलचक पत्ता असेल आणि तो राउटरचा नसेल, तर चोर सापडला. राउटरच्या आयपीव्ही६ भागात डीएनएस म्हणून राउटरचाच पत्ता जाहीर करायला सांगा. आयपीव्ही६ पूर्ण बंद करणे हा उपाय नव्हे.

तिसरी वाट ब्राउझर आणि फोनची. ब्राउझरमध्ये सुरक्षित डीएनएस कडक करून ठेवला किंवा अँड्रॉइडच्या प्रायव्हेट डीएनएसमध्ये एखाद्या सेवेचे नाव भरले, की सगळे प्रश्न कूटबद्ध होऊन घराबाहेर जातात. तिथे ‘साठा.होम.आर्पा’ कुणाला माहीत असणार? फोनवर हा पर्याय ‘ऑटोमॅटिक’वर आणला की घरातली नावे परत येतात. चौथी वाट व्हीपीएन, तिचे कारणही हेच. व्हीपीएन चालू असताना घरातली नावे हवी असतील तर त्याच्या सेटिंगमध्ये स्थानिक नेटवर्क वगळण्याची सोय शोधा.

फोनवरूनच आठवले: अँड्रॉइड १० पासून आणि आयओएस १४ पासून फोन प्रत्येक वायफायला मुद्दाम बनावट हार्डवेअर पत्ता दाखवतात. खासगीपणासाठी ते उत्तमच आहे. पण फोनसाठी पत्ता राखायचा असेल तर घरच्या वायफायपुरता हा पर्याय बंद करा किंवा तो पत्ता कायम राहील असे बघा. खरे सांगायचे तर फोनला नाव देण्याची गरज क्वचितच पडते. फोन इतरांना शोधतो, त्याला कुणी शोधत नाही.

राउटरमध्ये नावांची सोयच नसेल तर? काही राउटर पत्ता राखतात, पण नाव डीएनएसमध्ये घालत नाहीत. अशा वेळी ‘साठा’वरच डीएनएसमास्क किंवा पाय-होल हा छोटा डीएनएस सर्व्हर बसवता येतो आणि राउटरच्या डीएचसीपीला सांगता येते की डीएनएस म्हणून १९२.१६८.१.२० कळव. उबुंटूवर एक अडथळा हमखास येतो: सिस्टमडी-रिझॉल्व्हड १२७.०.०.५३ वर पोर्ट ५३ अडवून बसलेला असतो, आणि नवा सर्व्हर ‘पोर्ट वापरात आहे’ म्हणून उठत नाही. रिझॉल्व्हडच्या कॉन्फिगमध्ये त्याचा स्टब लिसनर बंद केला की जागा मोकळी होते. पण हे करण्याआधी विचार करा. तो पीसी बंद पडला की घरातल्या सगळ्यांसाठी इंटरनेटच बंद पडल्यासारखे होईल, कारण नावे सांगायला कुणी उरणार नाही. चोवीस तास चालणार नसेल तर हा मार्ग नको.

त्यापेक्षा होस्ट्स फाइल. तीन यंत्रे आणि शोधायचे मुख्यतः एकच असेल, तर ती अजिबात कमीपणाची नाही. पत्ता राउटरवर राखून ठेवा आणि प्रत्येक संगणकाच्या होस्ट्स फाइलमध्ये एक ओळ लिहा: आधी पत्ता, मग मोकळी जागा, मग नाव. मॅक आणि लिनक्सवर ही फाइल ईटीसी फोल्डरात असते, विंडोजवर सिस्टम३२ च्या आत ड्रायव्हर्स, आणि त्यातल्या ईटीसीत. विंडोजवर नोटपॅड अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि जतन करताना नावाच्या शेवटी ‘.टीएक्सटी’ चिकटणार नाही याकडे लक्ष द्या. चिकटले तर फाइल डोळ्यांसमोर असते आणि विंडोज तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही.

विंडोजच्या ‘नेटवर्क’ या यादीत ‘साठा’ दिसणे ही याहून पूर्ण वेगळी गोष्ट आहे. यादीत दिसणे आणि नावाने सापडणे यांचा एकमेकांशी संबंध नाही. ती यादी पूर्वी एसएमबीच्या (विंडोजची फाइल शेअर करण्याची भाषा, सांबाही तीच बोलतो) पहिल्या आवृत्तीवर टेकलेल्या ब्राउझर सेवेतून भरायची. २०१७ च्या शेवटी आलेल्या विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून एसएमबी१ नव्या यंत्रांवर बसवलेलेच नसते, आणि यादीसाठी विंडोज आता डब्ल्यूएस-डिस्कव्हरीवर विसंबते. सांबाला ती येत नाही. उबुंटूवर डब्ल्यूएसडीडी नावाचा छोटा प्रोग्रॅम बसवला की ‘साठा’ यादीत हजर होतो. यादीसाठी एसएमबी१ पुन्हा चालू करण्याचा सल्ला अजूनही फिरतो. तो कृपा करून ऐकू नका. त्याच वर्षी वॉनाक्राय हा खंडणी मागणारा घातक प्रोग्रॅम पसरला तो याच जुन्या एसएमबीतल्या भोकातून.

नावे ठेवताना रोमन छोटी अक्षरे, आकडे आणि आडवी रेघ एवढ्यावरच भागवा, पंधरा अक्षरांच्या आत. अंडरस्कोर नको, मोकळी जागा नको, आणि देवनागरी नाव तर नकोच, मी इथे वाचायला सोपे जावे म्हणून तसे लिहिले आहे. दोन यंत्रांचे नाव एकच असेल तर एमडीएनएस दुसऱ्याला गुपचूप ‘-२’ लावते आणि तुम्ही भलत्याच यंत्राशी बोलत बसता. ब्राउझरमध्ये एकशब्दी नाव टाकाल तर तो ते शोधायला पाठवेल, म्हणून शेवटी तिरकी रेघ द्या.

शेवटचा एक खोडा, जो नावाचा वाटतो पण नसतो. आजवर तुम्ही ‘साठा’ आयपी टाकून उघडत आलात, त्यामुळे विंडोजने पासवर्ड त्या पत्त्याच्या नावे जपून ठेवला आहे. ‘साठा.होम.आर्पा’ त्याच्या दृष्टीने नवा सर्व्हर आहे, तो पुन्हा लॉगिन मागेल. ते सांबाचे नाव आणि पासवर्ड भरा, उबुंटूत लॉगिन करायचे नव्हे. सांबाचा पासवर्ड वेगळा ठेवलेला असतो. शेअर बिनपासवर्डाचा असेल तर विंडोज ११ प्रोच्या २४एच२ आवृत्तीनंतर तो नाकारला जातो, नाव कितीही बरोबर सापडले तरी. तेव्हा सांबावर एक खरा वापरकर्ता तयार करा आणि तिन्ही यंत्रांवरून त्याच्याच नावाने आत या.